लक्ष्म्या जाईपर्यंत सांगू नका

सत्यभामाबाईंनी शिडीचा शेवटचा दांडा ओलांडून धाब्यावर पाय ठेवला, सूप खाली ठेवलं आणि उडदाची डाळ पसरायच्या आधी मान वर करून पुंजाजीच्या अंगणात पाहून घेतलं. डाळ कालच वाळली होती. आज ती पुन्हा वाळवायची गरज निदान डाळीला तरी नव्हती.

रात्रभर पाऊस पडून गेल्यावर भाद्रपदात पडतं तसं लख्ख, धुतलेलं ऊन पडलं होतं. अशा उन्हाला धामणगाव बढ्यातली कोणतीही बाई दोरी रिकामी ठेवत नाही. पुंजाजीच्या अंगणात निंबापासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर एक गोधडी होती, पुंजाजीचं धोतर होतं आणि सोजराबाईंचं लुगडं होतं. बाळुतं एकही नव्हतं.

तान्ह्या बाळाच्या घरची दोरी कशी दिसते, हे चार बाळंतपणं झालेल्या सत्यभामाबाईंना कोणी शिकवायला नको होतं. पावसाळ्यात ऊन पडलं की त्या दोरीवर बाळुत्यांची जत्रा भरते. त्यांनी डावीकडून उजवीकडे पुन्हा एकदा दोरी वाचली. गोधडी, धोतर, लुगडं.

शेजारच्या धाब्यावर दमटलेल्या मिरच्या चाळवत बसलेल्या मंजुळाबाईंनी विचारलं, एवढं काय दिसून राह्यलं तिकडं.

"कावळे," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि खाली बसून वाळलेली डाळ वाळवू लागल्या.

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आवरत नव्हतं. सत्यभामाबाईंना मात्र त्यांनी डोळे टिपल्यासारखं दिसलं.

या सगळ्याचं मूळ सत्यभामाबाईंनी स्वतःच रोवलं होतं, तेही चांगला विचार करून. त्यांची सून विमल गावातलीच, मागच्या गल्लीतल्या पुंजाजी आणि सोजराबाईंची लेक. दोन घरांच्या मधे एक पडीक जागा आणि एक बोरीचं झाड, बाकी काही नाही. सोयरीक झाली तेव्हा एवढ्या जवळच्या माहेराचा सत्यभामाबाईंना अभिमान होता; हाक मारली की सून येते, असं त्या सांगत. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून विमल तिकडं गेली आणि तिचे दिवस भरत आले ते नेमके महालक्ष्म्यांच्या तोंडावर.

घराण्यात लेकरू जन्मलं की सोहेर लागतं. दहा दिवस देवाला हात लावता येत नाही, मग लक्ष्म्या बसवणं दूरच. पण या नियमाला एक फट आहे आणि ती घरोघरच्या बायकांना ठाऊक असते. सोहेर लागतं ते बातमी कानावर आल्यापासून. बातमी कानावर आलीच नाही, तर घर मोकळं.

दुसरं कोणतं वर्ष असतं तर सत्यभामाबाईंनी एवढी खटपट केली नसती. पण परवाच्या साली त्यांच्या सासऱ्यांनी लक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी प्राण सोडला होता आणि गेल्या साली भाऊकीतल्या एका म्हाताऱ्याने तीच वेळ साधली होती. दोन वर्षं लक्ष्म्यांचे पितळी मुखवटे कपड्यात गुंडाळून पेटीतच राहिले. आणि सासूबाई जाताना चार बायकांसमोर सांगून गेल्या होत्या की सुनेकडून लागोपाठ तीन वर्षं खंड पडला तर मुखवटे लेकीच्या घरी जातील. लेक म्हणजे गोजरबाई, सत्यभामाबाईंची नणंद. त्या तेव्हा उशाशीच बसल्या होत्या. बोलल्या काही नाहीत, पण त्यांनी पेटीकडे ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर सत्यभामाबाईंनी जपून ठेवली होती.

म्हणून विमलला नववा लागताच सत्यभामाबाई मागच्या गल्लीत गेल्या आणि विहिणीबरोबर सुपारी कातरत त्यांनी सगळं ठरवून घेतलं. बाळ जन्मल्यावर थाळी वाजवायची नाही. साखर वाटायची नाही. माझ्या घरातल्या कोणाला काही सांगायचं नाही, दिसू द्यायचं नाही, ऐकू द्यायचं नाही, लक्ष्म्या जाईपर्यंत. गावालाही तेच सांगून ठेवायचं.

सोजराबाई सांगितल्यापेक्षा जास्त करणाऱ्या. चिमूटभर मीठ मागितलं तर वाटीभर देऊन वर दोन मिरच्या ठेवणाऱ्या. त्यांनी हे काम अंगावर घेतलं आणि शेवटास नेलं.

बाळ झालं. चांगलं ठणठणीत झालं. मुलगा की मुलगी, ते सत्यभामाबाईंच्या आधी दुसऱ्यांनी बोलणं बरं नाही. थाळी वाजली नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीत सोजराबाईंनी दोन वाकळा कोंबल्या. बाळुती चुलीपुढं उलट्या टाकलेल्या बाजेच्या पायांवर वाळू लागली. सगळ्या घराला त्यांचा वास सुटला, पण अंगणात चिंधी दिसली नाही. विमल तर आईच्याही पुढं गेली. बाळाने ओठ नुसता मुडपला की ती त्याला पदराखाली घेई. त्या बाळाने जन्मल्यापासून धड रडून पाहिलं नव्हतं. रडायला तोंड उघडलं की त्यात दूध येत होतं.

आणि पंगतीत वरणाला मीठ कमी पडलं तर तेवढ्यावर आठ दिवस काढणारं ते गाव या एका बाबतीत मुकं झालं. अर्धं सत्यभामाबाईंच्या भीतीने, अर्धं गंमत म्हणून. बाया त्यांना पाहून गप्प होत, चेहरे सरळ करत आणि पुढं जाऊन हसत. सत्यभामाबाईंना फक्त सरळ केलेले चेहरे दिसत.

त्या हिशेबी बाई. मनातल्या मनात त्यांनी दोन रकाने पाडले होते. दिवस तर भरून गेले होते, तेव्हा विमल बाळंत झालेली असणार, यात शंका नव्हती. सोयरिकीच्या आधीपासून लक्ष्म्यांच्या सोळा भाज्या पुंजाजीच्या वाडीतून येत आणि सोजराबाई स्वतः टोपली घेऊन येत. यंदा टोपली कोणीतरी पायरीवर ठेवून गेलं. सत्यभामाबाईंनी जुडी-जुडी वेगळी केली. शेपू नव्हता. म्हणजे शेपू घरात लागत होता, बाळंतीण जेवत होती. एवढं जमेला. त्यापुढं जमेच्या बाजूला काही लिहिता येईना. दोरी रिकामी. रडणं नाही. मागच्या गल्लीत कुत्रं भुंकलं तर या घरात ऐकू येतं, आणि एका नव्या जिवाचा आवाज येऊ नये?

तशात घरात त्यांचे यजमान हिंमतराव होते. त्यांना बातमी पहिल्याच दिवशी कळली होती. पुंजाजीच्या पोटात ती राहिली नव्हती आणि त्यांनी व्याह्याला वांग्याच्या वाफ्यात गाठून सांगून टाकलं होतं. हिंमतरावांना आयुष्यात कधी आनंद लपवता आला नव्हता. विहिरीला पाणी लागलं तेव्हा ओल्या धोतराने वाटेतल्या प्रत्येक माणसाला, एका अनोळखी बांगडीवाल्यालासुद्धा, थांबवून सांगत ते घरी आले होते. आता बायकोकडे पाहिलं की आपण फुटणार हे ओळखून त्यांनी तिच्याकडे पाहणंच सोडलं. ताटावर बसत ते भाकरीकडे पाहून. आणि चार भाकरींचा माणूस दोन भाकरींवर उठू लागला, कारण पुंजाजी रोज वाडीत त्यांना शिरा खाऊ घालत होते.

सत्यभामाबाई दुरडीत उरलेल्या भाकरी पाहत आणि त्या दुसऱ्या रकान्यात टाकत.

लक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारच्या एसटीने गोजरबाई सुलतानपुराहून आल्या. लग्न होऊन दुसऱ्या घराण्यात गेलेल्या. त्यांना हे सोहेर लागत नव्हतं. ऐकायलाही मोकळ्या आणि बोलायलाही. सत्यभामाबाईंना खरी धास्ती होती ती याच माणसाची. नणंदेने उंबऱ्यावर एक शब्द टाकला की काम झालं. संध्याकाळच्या गाडीने मुखवटे सुलतानपूरला. म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या होत्या, हातात पायावर घालायचं पाणी घेऊन.

"गोजरबाई, गावात काही ऐकलं असन तर माह्या कानावर घालू नोका."

गोजरबाईंना स्टँडवर उतरताना तिघींनी सांगितलं होतं आणि पाराजवळ आणखी दोघींनी. त्यांनी भावजयीकडे पाहिलं. थैली खाली ठेवली, पाण्यात पाय धुतले.

"मी काय ऐकनार, वयनी? मी तं यष्टीत झोपली होती."

त्यापुढं त्या विषयावर अक्षर नाही. बटाट्याच्या भावाचं काय झालं ते बोलल्या, लोणारच्या बाजारातल्या गर्दीचं बोलल्या, फुलोऱ्याच्या करंज्यांना मुरड बरी पडली नाही तेही बोलल्या. सत्यभामाबाई करंज्या तळत ऐकत राहिल्या आणि त्यांच्या हातातला झारा जड होत गेला. चांगली बातमी असती तर हिने दारातच सांगितली असती, त्यांनी हिशेब केला. हसत-हसत सांगितली असती आणि मुखवटे थैलीत घातले असते. तिनेसुद्धा जीभ आवरली. गोजरबाईंसारख्या बाईला माझी दया यावी, असं काय झालं असेल?

त्याच गाडीने शेषराव आला होता, विमलचा नवरा. महाराष्ट्र झाल्यावर जिल्हा परिषदेच्या ज्या नव्या शाळा निघाल्या त्यातल्या मोताळ्याच्या शाळेत तो मास्तर होता. त्यालाही स्टँडवरच कळलं होतं की तो बाप झाला. तिथून घरापर्यंत तो गाल आतून दातांत धरून आला. आईसमोर येताच डोकं दुखतं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. सत्यभामाबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. त्याचे खांदे मात्र हलत होते. त्यांनी हात उचलून घेतला आणि काही न विचारता चुलीपाशी जाऊन बसल्या.

संध्याकाळी लक्ष्म्या घरात आणायची वेळ झाली. हिंमतरावांनी कंबर धरली म्हणून सांगितलं, शेषरावने डोकं. देवाला शिवायचं नाही एवढं दोघांनीही पाळलं होतं. कळलेल्या माणसाने शिवायचं नसतं. सत्यभामाबाईंना ते समजलं. दोघांनाही कळलंय. कळूनही दोघांपैकी एकाच्या तोंडावर हसू नाही.

मग एक मुखवटा त्यांनी घेतला, दुसरा गोजरबाईंनी. अंगणापासून देवघरापर्यंत कुंकवाच्या हातांची पावलं उमटवत दोघी नणंद-भावजया आल्या. मंजुळाबाई थाळी वाजवत होत्या. उंबऱ्याशी थांबून गोजरबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, कोण आलं. सत्यभामाबाईंनी सांगितलं, लक्ष्मी आली. काय घेऊन आली? धान्य घेऊन आली, दूधदुभतं घेऊन आली. आणखी काय घेऊन आली?

इथं म्हणायचं असतं, लेकरंबाळं घेऊन आली. सत्यभामाबाईंनी ओठ हलवले, पण थाळीच तेवढी वाजत राहिली. गोजरबाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि भावजयीच्या वाटचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा थाट. पहाटेपासून दोन चुली पेटलेल्या. पुरण शिजत होतं, आंबील निवत होती, सोळा भाज्या चिरून टोपल्यात पडल्या होत्या. दोन वर्षांनी पेटीतून निघालेल्या लक्ष्म्या चिंचेने घासून सोन्यासारख्या झाल्या होत्या. हिरवी आणि जांभळी लुगडी, गळ्यात पोत, डोक्यावर फुलोरा. त्यांच्यासमोर दरवर्षीप्रमाणे त्यांची दोन बाळं मांडली होती, लाकडाची, नवी झबली घालून. येणारी प्रत्येक बाई म्हणत होती की सत्यभामाबाई, असा थाट गावात कुठं नाही. जिंकल्या होत्या त्या. आणखी एक दिवस, की तिसरं वर्ष पार पडलं.

सत्यभामाबाई पुरण वाटत होत्या आणि थांबत होत्या. पाट्यावर वरवंटा तसाच धरून कान मागच्या भिंतीकडे करत होत्या. पुन्हा वाटत होत्या. गोजरबाईंनी दोनदा विचारलं की मी वाटू का. त्यांनी मान हलवली.

दुपारी सवाष्णी आल्या, पाटांवर बसल्या. सोजराबाईंचा पाट यंदा मांडलाच नव्हता. हिंमतराव आणि शेषराव ओसरीवर अंतर राखून उभे होते. नैवेद्याची ताटं लक्ष्म्यांपुढं ठेवली गेली. सत्यभामाबाईंनी कणकेच्या दिव्यांत तूप घातलं आणि काडी ओढली. काडी जळत बोटापर्यंत आली, पण दिव्याला लागली नाही. त्यांनी ती विझवली. दुसरी काढली नाही.

"गोजरबाई, एक इचारू?"

"निवेद्य थंडा होऊन राह्यला, वयनी."

"एकच गोष्ट सांगा. बाकी काही नोका सांगू."

ती एक गोष्ट कोणती, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. उत्तर दिलं की सोहेर लागलं, समोर मांडलेला सगळा थाट वाया, मुखवटे गेले, हेही कळलं. सत्यभामाबाईंना ते ठाऊक नव्हतं असं नाही. गोजरबाईंनी सवाष्णींकडे पाहिलं. सवाष्णींनी पाटांकडे पाहिलं. मंजुळाबाई पाटापुढच्या रांगोळीचा एक ठिपका बोटाने पुसू लागल्या. एवढे दिवस राखलं, ते आता एका दिवसासाठी मोडायचं पाप कोणी घ्यायचं? आपण गप्प बसून या बाईवर उपकार करतोय, अशीच प्रत्येकीची समजूत होती.

"दिवा लावा आधी," गोजरबाई म्हणाल्या. कालपासून दाबून धरलेल्या बोलण्याने त्यांचा आवाज जड झाला होता.

सत्यभामाबाईंना तो जडपणा पुरला. त्यांनी आरतीचं ताट खाली ठेवलं आणि त्या मागच्या दाराने निघाल्या. कोणी आडवं आलं नाही. हिंमतरावांनी "शेषाची माय" म्हणून एक हाक मारली, ती ओसरीतच राहिली.

पडीक जागेतल्या चिखलात पाय बुडाले, बोरीच्या फांदीने पदर ओढला. त्या थांबल्या नाहीत. पुंजाजीच्या अंगणाच्या कडेला येऊन मात्र उभ्या राहिल्या. तिथून पुढं त्यांना जाता येत नव्हतं.

सोजराबाई दारातच होत्या. विहीण नैवेद्याच्या वेळी, सणाच्या लुगड्याने, चिखलाच्या पायांनी दारी आलेली पाहून त्या घाबरल्या. आपल्याकडून काही चुकलं का? थाळी वाजली नाही, चिंधी दिसली नाही, आवाज गेला नाही. त्यांनी धावत येऊन दोन्ही हात पसरले, वाट अडवल्यासारखे.

"ईनबाई, इथंच थांबा. तुमच्या लक्ष्म्या हायेत घरात."

"हाव. हायेत."

"उद्यापर्यंत काही बोलू नोका मले. माह्या तोंडातून निंघून जाईन."

आणि खबरदारी म्हणून सोजराबाईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. इतके दिवस कोणापाशी म्हणून कौतुक करता आलं नव्हतं, आणि जिच्यापाशी करायचं ती समोर उभी होती. सत्यभामाबाईंनी ते भरलेले डोळे पाहिले. त्यांनी बाजूच्या निंबाचा आधार घेतला.

"ईनबाई," त्या म्हणाल्या. "मले एवढं तं..."

आत बाजेवरच्या विमलने सासरी दोन वर्षं सासूचा आवाज ऐकला होता. विहिरीवरून हाक मारणारा, दूध उतू गेल्यावर चढणारा, पाहुण्यांसमोर मऊ होणारा. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. बंद खिडकीच्या आड बाज करकरली.

आणि मग रडणं फुटलं. वाकळांतून, भिंतीतून, दारातून ते अंगणात आलं, निंबावरच्या दोन साळुंक्या उडाल्या. श्वास घ्यायला थांबे आणि पुन्हा आधीपेक्षा मोठ्याने सुरू होई.

सोजराबाईंच्या तोंडावरचा पदर गळून पडला. त्या आत धावणार, तोच सत्यभामाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या ऐकत होत्या. भुकेचं रडणं कसं असतं, पोटदुखीचं कसं असतं, हे त्यांना कळत होतं. हे तसलं नव्हतं. हे संतापाचं होतं. भरल्या तोंडातून कोणीतरी दूध ओढून घेतल्यावर लेकरू असं रडतं. कोणी ओढून घेतलं आणि कोणासाठी, तेही त्यांना कळलं. निंबावरचा हात त्यांनी सोडला, पदर सारखा केला, डोळ्यांच्या कडा बोटाने पुसल्या.

"मांजर हाये वाटते तुमच्या घरात," त्या म्हणाल्या.

सोजराबाईंना उमगायला थोडा वेळ लागला.

"हाव," त्या म्हणाल्या. "मांजरच हाये."

"ताकदीचं हाये."

"लय ताकदीचं, ईनबाई. काय सांगू तुमाले."

"सांगू नोका." मग सत्यभामाबाईंनी आवाज चढवला, आतपर्यंत जाईल इतका. "त्याले दूध द्या म्हना. उगा काऊन रडवता?"

रडणं तिथल्या तिथं बंद झालं. दोन हुंदके आले, आणि मग बाळ पिताना करतं तो बारीक आवाज, जो एवढ्या लांब ऐकू येणं शक्य नव्हतं. पण अंगणात उभ्या असलेल्या दोघी विहिणी तो ऐकत थोडा वेळ उभ्या राहिल्या.

परत येताना सत्यभामाबाईंनी बोरीपाशी पाय घासून चिखल काढला आणि तेवढ्यात निवाडाही करून टाकला. बातमी ही कोणीतरी सांगावी लागते. आपल्याला कोणी काही सांगितलेलं नाही. गल्लीत मांजरं ओरडतच असतात.

घरात सगळं जिथल्या तिथं होतं. सवाष्णी पाटांवर, ताटं लक्ष्म्यांपुढं, हिंमतराव ओसरीच्या खांबाला चिकटलेले. सत्यभामाबाईंनी पाय धुतले, आत आल्या, काडी ओढली आणि सगळे दिवे लावले. आरतीत त्यांचा आवाज मागच्या दोन वर्षांची कसर काढल्यासारखा सगळ्यांच्या वर गेला. गोजरबाई त्यांच्याकडे तिरपं पाहत टाळ्या वाजवत होत्या.

"काही ऐकलं काय, वयनी?" आरती संपल्यावर त्यांनी विचारलं.

"मांजर ओरडून राह्यलं होतं."

"असं."

"हाव."

"बरं झालं," गोजरबाई म्हणाल्या आणि लक्ष्मीच्या पायाशी सरकलेलं फूल नीट ठेवलं. "तसंबी यंदा मी लहान थैली आनली. मुखवटे काही मावले नसते त्यात."

नणंद-भावजयांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. सत्यभामाबाई वाढायला लागल्या. ओसरीवर त्यांनी नवऱ्याच्या ताटात न विचारता चार पोळ्या टाकल्या आणि मुलाला सांगितलं की डोकं दुखायचं थांबलं असेल तर त्यानेही बसावं. हिंमतरावांनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मान वर केली, बायकोचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने मान पुन्हा ताटात घातली. त्यांचे कान लाल झाले होते.

सवाष्णी जेवत असताना सत्यभामाबाईंनी एक मोठं ताट घेतलं. त्यात पुरणपोळ्या ठेवल्या, वर तूप ओतलं, ते वाहून कडेला आलं तरी आणखी ओतलं. भाज्यांतलं वांगं वगळलं. आंबट कढी वगळली. दोडका घातला, मुगाचं वरण घातलं, आणि ताटावर केळीचं पान झाकून ते गोजरबाईंच्या हातात दिलं.

"ईनबाईच्या ओट्यावर ठेवून या. ताट वापस आनू नोका."

गोजरबाईंनी पानाची कड उचलून आत पाहिलं.

"मांजर एवढं तूप खाते?"

"मांजर नाही खात," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्याची माय खाते."

गोजरबाई गेल्या. ओट्यावर ताट ठेवून यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांना लागला. परत आल्या तेव्हा त्या चालत नव्हत्या, जवळजवळ पळत होत्या. खिडकीतली वाकळ कोणीतरी बाजूला केली असावी, कारण त्यांच्या तोंडावर पाहून आलेल्या माणसाचा तजेला होता. नाक कोणाचं, रंग कोणाचा, मुलगा की मुलगी, सगळं ओठांपर्यंत आलेलं. चुलीपाशी येऊन त्या भावजयीपुढं उकिडव्या बसल्या, दम घेतला आणि तोंड उघडलं.

सत्यभामाबाईंनी परातीतला पुरणाचा मोठा गोळा उचलला आणि नणंदेच्या उघड्या तोंडात घातला.